मुहूर्त नसलेले मंगळवार

ज्या मंगळवारी लग्न नसतं
त्या मंगळवारी कार्यालयाचा वरचा हॉल
तासाला चारशे रुपयांत मिळतो.
इर्शाद मणेर, मूळचा मिरजेचा,
दिवसभर एमआरआयच्या काचेमागून लोकांना
हलू नका, हलू नका सांगतो,
आणि संध्याकाळी इथे फरशीवर
कॅरमची पावडर भुरभुरवून म्हणतो, चला.

कोपऱ्यात परवाच्या अक्षता,
झाडूला चुकवून राहिलेल्या.
माझ्या बुटाच्या चामडी तळाला दोन-तीन चिकटतात.
मी काढत नाही.

सत्तावीस वर्षांनी परत आले
तर रिक्षावाला हिंदीत विचारतो, किधर जाना है.
मी मराठीत सांगते,
आणि ज्या खुणा सांगते
त्या त्याच्या जन्माआधीच पाडलेल्या.
आरशातून बघत तो म्हणतो, बाहेरच्या का तुम्ही?
हो.
अजून एकदाही हे खोटं वाटलं नाही.

श्रीरंगला वुपर्टालमध्ये
एका बटणाने निरोप दिला.
हिरवं बटण. मग काउंटरवरच्या बाईने
पेन पुढे केलं, सही इथे.
आता मागे वळून पाहू नका
असं सांगायला तिथे कोणी नव्हतं.
म्हणून मी पाहत राहिले
अडीच वर्षं,
दाराआडच्या त्याच्या छत्रीकडे,
गादीवरच्या त्याच्या बाजूच्या खळग्याकडे.
मान धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला.

या नाचात बाईने उलटं चालायचं असतं.
आधी बोटं, मग चवडा, टाच सर्वांत शेवटी,
पाय लांब मागे सोडायचा
आणि मागे काय आहे ते बघायचं नाही.
खांब, खुर्ची, दुसरं जोडपं
समोरचा बघून घेईल.
मॅडम, मान वळवू नका, इर्शाद म्हणाला.
एवढंच म्हणाला.
अडीच वर्षं आणि सात हजार किलोमीटर
उशिरा.

बोलून विचारायचं नसतं. नजरेने विचारायचं,
हॉलच्या त्या टोकाहून या टोकाला.
आईने तर नजर खाली ठेवायला शिकवलेली,
लग्नाच्या हॉलमध्ये विशेषच.
तीन आठवडे मी पंखे मोजले,
तहान नसताना पाणी पिऊन आले.
चौथ्या आठवड्यात चुकून
कुंदन ओसवालांच्या डोळ्यांत सापडले.
रविवार पेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान,
वय बासष्ट, गुडघ्याला पट्टा.
त्यांनी मान तीळभर हलवली.

पहिल्या गाण्यात मी त्यांच्या पायावर.
दुसऱ्यात ते सॉरी म्हणाले, चूक माझी होती.
तिसऱ्यात कपाळ त्यांच्या कानशिलाला टेकलं,
लवंगेचा वास, थोडं खोबरेल,
आणि मला काहीच आठवलं नाही.
आठवलं नाही, हे आठवलं ते बूट काढताना.
मग बेसिनचा नळ मोठा सोडून
बराच वेळ हात धुतले.

ते वाद्य ऐकायला पेटीसारखं,
पण जिना चढून धाप लागलेली पेटी.
जर्मनीत बनलं म्हणे,
आमच्या तिथल्या घरापासून तासाभरावर.
कुणाच्या तरी सामानात बोटीने पार गेलं
आणि तिकडचंच झालं.
इर्शाद हे सांगत होता तेव्हा
मला विचारायचं होतं,
किती वर्षांनी झालं?
पण तो स्पीकरची वायर शोधत होता.

पुढचे दोन्ही मंगळवार मुहूर्ताचे निघाले.
दोन्ही? मी विचारलं,
आवाज इतका चढला
की ओसवालांनी वळून पाहिलं.
कोण कुठली नवरा-नवरी,
आणि मी त्यांच्यावर मनापासून चिडलेली.

घरी आता ओट्यापासून उलटी चालते,
एका हातात भातवाढणी.
आठव्या पावलाला पाठीला फ्रिज लागतो.
सातव्याला माहीत असतं
तो आहे तिथे.